फुगा फुगला, आकडा हलेना

बाळाचे ओठ निळसर दिसतात असं मी दोनदा म्हटलं, दोन्ही वेळा "थंडीमुळे असेल" असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी त्याच्या उजव्या हाताला आणि मग पायाला ऑक्सिजन मोजायचा पट्टा लावला. दोन्हीकडे 82 टक्के. निदान 95 तरी हवा. मशीन बदलून पाहिलं, तरी तेच. तासाभरात आम्ही एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर होतो.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलं की फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या झडपेच्या पाकळ्या एकमेकींना चिकटल्यात, मधे जेमतेम भोक. डॉक्टरांनी एका कागदाच्या पाठीमागे हृदय काढून दाखवलं. उजव्या कप्प्यातल्या रक्ताला पुढे वाट नाही, म्हणून ते वरच्या दोन कप्प्यांमधल्या छिद्रातून डावीकडे जातं आणि ऑक्सिजन न घेताच अंगभर फिरतं. फुप्फुसांना जे काही रक्त मिळतंय ते बहुतेक डक्टसमधून. ही नळी गर्भात उघडी असते आणि जन्मानंतर मिटत जाते. ती मिटू नये म्हणून प्रोस्टाग्लँडिनचं औषध शिरेतून सुरू झालं. त्याने श्वास मधेच थांबू शकतो, हेही सांगितलं. त्या रात्री दोनदा थांबला. सिस्टरनी तळपायाला टिचकी मारली की पुन्हा घ्यायचा. हे त्या इतक्या सहज करायच्या की मला त्यांचा रागही आला आणि आधारही वाटला.

चौथ्या दिवशी कॅथलॅब, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत नळी नेऊन उपचार करायची खोली. वजन 2.8 किलो. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या कप्प्यात, तिथून झडपेच्या भोकातून आधी एक बारीक तार आणि मग तारेवरून फुगा. झडपेचं कडं साडेसहा मिलिमीटर, फुगा 8 चा. तो मुद्दाम थोडा मोठा घेतात, म्हणजे चिकटलेल्या पाकळ्या सुटतात. फार मोठा घेतला तर झडप गळू लागते, म्हणजे रक्त मागे येतं. फुगवायला काही सेकंद लागतात, बाकी दोन तास तिथवर पोचण्याचे. 1982 मध्ये जीन कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, त्याआधी शस्त्रक्रियाच करावी लागायची, असं डॉक्टर म्हणाले. मला तेव्हा इतिहास नको होता, पण त्या वाक्याने धीर आला हे खरं.

"छान झालं. उजव्या कप्प्यातला दाब 110 होता, आता 45," डॉक्टर म्हणाले.

मी धावत मॉनिटरपाशी गेले. ऑक्सिजन 84.

या क्षणासाठी मला कुणीच तयार केलं नव्हतं. झडप उघडली की आकडा वर जाईल, असं मी धरूनच चालले होते. दार उघडलं म्हणून आतली खोली लगेच मोठी होत नाही, असं नंतर एका ज्युनिअर डॉक्टरांनी समजावलं. जोर लावून लावून उजव्या कप्प्याची भिंत जाड आणि ताठ झालेली. ती सैलावेपर्यंत रक्त डावीकडे जात राहणार. त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. हे आदल्या दिवशी सांगितलं असतं तर ती रात्र मी जरा वेगळी काढली असती.

त्या रात्री दुसरीच काळजी. ज्या पायातून नळी घातली तो गार. सिस्टरनी पावलावर नाडी चाचपली, सापडली तिथे पेनाने ठिपका दिला आणि दर तासाला त्याच ठिपक्यावर बोट. पहाटे पाय कोमट झाला. ठिपका पुसला जाऊ नये म्हणून मी दोन दिवस त्या पावलाला हात लावला नाही.

डक्टस उघडी ठेवणारं औषध हळूहळू कमी करत नेलं. 86, 85 (त्या दिवशी मी जेवले नाही), 88. नवव्या दिवशी औषध पूर्ण बंद करून 91.

आता तो सात महिन्यांचा आहे. झडप थोडी गळते, दर काही महिन्यांनी इको असतो आणि मोठेपणी झडपेचं आणखी काही करावं लागू शकतं. परवा तपासणीत पट्टा लावला, तर दुसऱ्या पायाने त्याने तो ढकलून काढला. तिसऱ्यांदा लावला तेव्हा कुठे आकडा आला, 97.