सोळाव्या वर्षीची गाणी आणि साठीनंतरचा यमन

आमच्या घरी महिन्यातून एकदा दहा-बारा जण गाणे ऐकायला जमतात, आणि कोणी नवीन आले की चहाच्या वेळी एक प्रश्न हमखास निघतो: "काकू, तुमची आवड वयाबरोबर बदलली का हो? की माणूस तरुणपणी जे ऐकतो, तेच शेवटपर्यंत ऐकत राहतो?" आजवर मी दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ निभावून नेली, परंतु मागच्या महिन्यात एका मुलीने हाच प्रश्न इतक्या मनापासून विचारला, की एकदा नीट बसून उत्तर लिहावे असे वाटले. माझे वय आता अडुसष्ट आहे आणि त्यातली साठ वर्षे तरी मी गाणे ऐकत आले आहे.

सुरुवात वडिलांपासून करावी लागेल. साताऱ्याच्या आमच्या घरात चावीचा फोनो होता आणि तबकड्या होत्या ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे. त्या काळच्या गवयांना तेवढ्यात अख्खा राग उभा करावा लागे: पहिल्या दोन-चार स्वरांत रागाची ओळख, लगोलग बंदिश, म्हणजे रागात बांधलेले गीत, आणि श्वास घ्यायला उसंत न देणाऱ्या ताना, म्हणजे स्वरांच्या वेगवान लडी. वडील प्रत्येक दोन-तीन तबकड्यांनंतर सुई बदलत, फडक्याने तबकडी एकाच दिशेने पुसत, आणि ती संपली की "वा!" म्हणून डोळे उघडत. १९७९ साली नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पगारातून मी रेकॉर्ड प्लेअर घेतला आणि मोठ्या हौसेने त्यांना एक एल. पी., म्हणजे जास्त वेळ चालणारी तबकडी, ऐकवली. एका बाजूला वीस मिनिटे, त्यातली बहुतेक विलंबित, म्हणजे संथ लयीतली. दहाव्या मिनिटाला वडील अंगणात निघून गेले. "अजून याची सुरुवातच चालली आहे," एवढेच ते म्हणाले. वय झाले की माणसाला नवे काही रुचत नाही, असा अर्थ मी त्या वेळी काढला. तो चुकीचा होता. तीन मिनिटांचा ख्याल, म्हणजे रागातले गाणे, ऐकत त्यांचे कान घडले होते आणि त्या मापात ते अत्यंत तयार कान होते. मला चार वेळा ऐकूनही न सापडणारी एखादी जागा त्यांना पहिल्याच फेरीत सापडत असे. आपली आवड ठरवण्यात आपल्या वयाइतकाच त्या वयात हाताशी असलेल्या यंत्राचा वाटा असतो, हे मला त्यांच्यामुळे कळले, परंतु ते हयात असताना कळले नाही याचे वाईट वाटते.

माझे स्वतःचे सोळावे वर्ष रेडिओचे. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोन लावायचा, लघुलहरींवरची खरखर कमी व्हावी म्हणून काटा केसभर इकडे-तिकडे सरकवायचा, आणि अमीन सयानींच्या आवाजातली बिनाका गीतमाला संपेपर्यंत कोणी हाक मारली तरी उठायचे नाही. त्या दोन-तीन वर्षांत ऐकलेली हिंदी चित्रपटगीते माझ्या बाबतीत तसूभरही हललेली नाहीत. स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात, की उतारवयात माणसाला सर्वांत ठळक आठवते ते साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधले आयुष्य. माझा अनुभव त्याला दुजोरा देणाराच आहे. मात्र एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. ही गाणी मला केवळ चालीसह आठवत नाहीत, तर मधल्या व्हायोलिनच्या तुकड्यासह, ठेक्याच्या प्रत्येक वळणासह आठवतात. पुढे मी यातली बरीच गाणी एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतली आणि ती वर्षानुवर्षे ऐकली. आजही त्यातले एखादे गाणे कोणाच्या फोनवर संपले, की मधल्या शांततेत माझ्या कानात त्या कॅसेटवरच्या पुढच्या गाण्याचे पहिले सूर आपोआप सुरू होतात, आणि प्रत्यक्षात भलतेच गाणे लागले की पायरी चुकल्यासारखे होते.

याच गाण्यांचे नवे अवतार, बदललेले संगीत, वाढवलेली लय मला सहन होत नाही, आणि ते मी कधी लपवलेले नाही. उलट यमन हा राग मी किती गायकांकडून, किती निरनिराळ्या अंगांनी ऐकला असेल याची गणती नाही, आणि प्रत्येक वेगळेपणाचा मला आनंदच झाला. चित्रपटगीत माझ्यापाशी पूर्ण होऊन आले आणि त्या वयासकट तसेच आत राहिले. त्याला कोणी हात लावला की माझ्याच आयुष्यातली एखादी तारीख कोणी बदलत आहे असे वाटते. राग असा कधी पूर्ण होऊन आलाच नाही, म्हणून तो माझ्याबरोबर बदलत राहू शकला.

आणि खरा बदल तिथेच झाला. विशी-पंचविशीत मी तानांसाठी ऐकत असे. पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवात आम्ही मैत्रिणी सतरंजी, शाली आणि थर्मास घेऊन रात्रभर बसायचो, ते भीमसेन जोशींची तान तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, भिडून खाली कोसळते त्या क्षणासाठी. सुरुवातीच्या विलंबितात आम्ही हळू आवाजात बोलायचो, हे आज कबूल करताना संकोच वाटतो. कुमार गंधर्वांच्या गाण्यातली मध्येच येणारी शांतता मला त्या वेळी अपुरी वाटायची. मल्लिकार्जुन मन्सूरांचे अनवट, म्हणजे क्वचितच गायले जाणारे, राग ऐकताना आपण कुठे आहोत हेच कळायचे नाही. मन्सूरांच्या गाण्यापाशी मी पोचले ती पन्नाशी उलटल्यावर, ते जाऊन बरीच वर्षे झाल्यावर. आता पुन्हा विचाराल तर मला विलंबिताची पहिली पंधरा मिनिटे पुरतात. द्रुत, म्हणजे जलद लय, सुरू झाली की उलट थोडी हुरहूर लागते.

याला लोक परिपक्वता म्हणतात. मला तो शब्द मान्य नाही, कारण त्यात सोळाव्या वर्षीच्या आवडीला कच्ची ठरवण्याचा अन्याय आहे. माझ्या मते झाले ते इतकेच, की रागाची वाट शेकडो वेळा चालून कानाला ठाऊक झाली. यमनात गायक 'नि रे ग' असा षड्ज टाळून वर जातो, गंधारावर, म्हणजे 'ग'वर, थांबतो, निषादाला, म्हणजे 'नि'ला, नुसता स्पर्श करून परत फिरतो. पुढे तार षड्ज येणार हे ज्याला माहीत आहे, त्याला ती टाळाटाळ श्वास रोखून ऐकावीशी वाटते, आणि ज्याला माहीत नाही, त्याला ती केवळ संथ वाटते. माझी भाची चौदा वर्षांची आहे, पाच वर्षे गाणे शिकते आहे, आणि तासाभराचा विलंबित ख्याल मांडी न बदलता ऐकते. माझी सख्खी बहीण सत्तरीची आहे आणि तिला तो आजही कंटाळवाणा वाटतो. तेव्हा विलंबिताची गोडी वयामुळे लागते, असे मी कोणत्या तोंडाने सांगू?

वयाचा खरा हात पडतो तो मनावर पडण्याआधी कानावर. अंतर्कर्णात सूक्ष्म केसांसारख्या पेशी असतात. त्यातल्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. तीन वर्षांपूर्वी माझी तपासणी झाली तेव्हा आलेखावरची रेघ ४००० हर्ट्झच्या पुढे उतारासारखी खाली गेलेली होती. भावगीतातले स, श, त हे उच्चार पुसट होऊ लागले होते, ते याच कारणाने. मी मात्र वर्षभर नव्या गायकांच्या उच्चारांना दोष देत बसले होते. त्या सगळ्यांची मी मनातल्या मनात क्षमा मागितली.

मग श्रवणयंत्र आले आणि एक निराळेच संकट उभे राहिले. माझ्याकडे मिरजेचा तानपुरा आहे, तरुणपणी शिकत असताना घेतलेला. यंत्र कानात घालून मी तो छेडला, तर सूर थरथरू लागला, मध्येच विरून जाऊ लागला, पाण्याखालून यावा तसा. घोडीवरचे दोरे सरकवून मी अर्धा तास जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झंकार, लावत राहिले. दोष तानपुऱ्याचा नव्हता. ही यंत्रे मुख्यतः बोलणे ऐकण्यासाठी बनवलेली असतात, आणि न थांबता चालणारा स्थिर सूर कानी आला की त्यांना ती यंत्राचीच शिट्टी वाटते व ती दाबायला लागतात. म्हणजे ज्या अखंड सुरावर आपले सगळे गाणे उभे आहे, तोच पुसून टाकायचा अशी त्या यंत्राची समजूत होती.

दुसऱ्या एका श्रवणतज्ज्ञ बाईंकडे मी तानपुराच घेऊन गेले. रिक्षात तो मांडीवर आडवा घेऊन बसले होते. त्यांनी संगीतासाठी वेगळी मांडणी केली, शिट्टी दाबण्याची सोय तेवढ्यापुरती बंद केली, आणि म्हणाल्या, "आता वाजवा." मी पंचमाची तार छेडली, मग जोडाच्या, म्हणजे 'सा'च्या मधल्या दोन, मग खर्ज, म्हणजे सर्वांत खालच्या 'सा'ची तार. जवारीची जी सोनेरी किनार मला विशीत ऐकू येत असे, ती आता पूर्वीइतकी येत नाही आणि येणारही नाही. परंतु खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडता उमटणारा गंधार, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो खर्जाच्या पाचपट कंपनांचा; माझ्या तानपुऱ्याचा खर्ज साधारण शंभर हर्ट्झचा, म्हणजे हा गंधार पाचशेच्या आसपास, माझ्या आलेखातल्या उताराच्या कितीतरी अलीकडे. तो स्वच्छ आला. मी बाईंना विचारले, "तुम्हालाही ऐकू येतोय का?" त्यांना गंधार म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, म्हणून मी तो गाऊन दाखवला आणि पुन्हा खर्ज छेडला.