टिकलीखालचा जांभळा

कागदावरची जुनी चित्रं दुरुस्त करणं हे माझं काम. त्या दिवशी साताऱ्याहून एक काकू रवि वर्मा प्रेसचं यशोदा-कृष्णाचं चित्र घेऊन आल्या. 1894 साली मुंबईत सुरू झालेला, पुढे मळवलीला हललेला तो छापखाना. तिथे प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. त्यावर हाताने ठिपके काढायचे आणि एकावर एक रंग छापत जायचं.

या चित्राला काकूंच्या आजेसासूबाईंनी जरीचा काठ आणि पत्र्याच्या टिकल्या चिकटवल्या होत्या. असलं नटवणं पाहिलं की माझ्या कपाळावर आठी येते. डिंकाने कागद आखडतो, पत्र्याचे डाग पडतात.

"लुगडं जांभळं होतं हो. सासूबाई सांगायच्या," काकू म्हणाल्या.

समोर तर स्वच्छ निळं लुगडं. "काकू, निळंच असणार," मी ठणकावून सांगितलं.

तासाभराने एका टिकलीभोवती ओलसर टीपकागद ठेवून डिंक नरम केला, पातं सरकवलं. टिकली सुटली. खाली तेवढाच गोल, वांग्याच्या सालीसारखा जांभळा. भिंग लावलं. गोलात निळे-तांबडे ठिपके दाटीने बसलेले. गोलाबाहेर फक्त निळे. तांबड्यांच्या जागी कोरा कागद.

मग काकूंना भिंग दिलं आणि मुकाट्याने चूक कबूल केली. छपाईतले असे बरेच तांबडे म्हणजे पांढऱ्या भुकटीवर चढवलेला रंग. शाई जवसाच्या तेलातली असली तरी उजेडापुढे त्यातले कित्येक टिकत नाहीत. यशोदेचे केस मात्र काल छापल्यासारखे काळे. काळ्या शाईत काजळी. तिला उजेड काही करत नाही.

"मग भरा की तांबडा," काकू म्हणाल्या.

"नाही भरत. आणि आता खिडकीसमोर लावू नका. संग्रहालयात अशा कागदांवर 50 लक्सच, म्हणजे अगदी मंद, उजेड ठेवतात."

"म्हणजे देवाला अंधारात बसवू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तरेकडच्या भिंतीवर तडजोड झाली. बाकीच्या टिकल्या आहेत तिथेच ठेवायच्या ठरल्या. एरवी मी सगळ्या काढल्या असत्या. सुटलेली टिकली परत लावायला घेतली, तर काकूंनी हात धरला.

"राहू दे ती. आधी सूनबाईला दाखवते, मग लावू."

टिकली कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी बटव्यात टाकली.