चेंडू हातात कुठे येतो

जॉर्डन मोठा की लेब्रॉन, करी मोठा की योकिच, हा वाद आमच्या परभणीच्या बास्केटबॉल कोर्टावरही रोज सरावाआधी बुटांच्या नाड्या बांधता बांधता रंगतो. मुलांच्या मोबाइलमध्ये सगळे आकडे असतात आणि कोणाचे सरासरी गुण किती, कोणाच्या नावावर किती विजेतेपदे, हे ती तोंडपाठ सांगतात. मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, मुलामुलींचे संघ तयार करतो आणि थंडीपासून जूनपर्यंत पहाटे उठून, भारनियमन आड आले नाही तर, एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने पाहतो. इतक्या वर्षांच्या पाहण्यातून आणि शिकवण्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. खेळाडूंची तुलना करताना चेंडू त्यांच्या हातात मैदानाच्या कोणत्या जागी आला, कोणत्या क्षणी आला आणि ती जागा कोणी ठरवली, हे आपण विचारातच घेत नाही. अव्वल खेळाडूला नवे कौशल्य देणे प्रशिक्षकाला फारसे जमत नाही. त्याच्याजवळ जे आहे ते कुठे वापरायचे, हे मात्र प्रशिक्षकच ठरवतो, आणि पुष्कळदा सगळा फरक तिथेच पडतो.

मायकेल जॉर्डनचेच उदाहरण घ्या. १९८६-८७ च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी ३७.१ गुण केले, आणि तरीही शिकागो बुल्सचा संघ बाद फेरीच्या पहिल्याच टप्प्यात बॉस्टनकडून ३-० असा हरला. पुढे १९८८ ते १९९० अशी सलग तीन वर्षे डेट्रॉइट पिस्टन्सने त्यांना बाहेर काढले. चेंडू शेवटी जॉर्डनकडेच जाणार आणि तो समोरून, रिंगेपासून लांबवर हातात घेऊन सुरुवात करणार, हे डेट्रॉइटला ठाऊक असल्यामुळे त्याच्यावर दोघे-तिघे धावून जाण्याची तयारी त्यांना आधीच करता येत होती. १९८९ मध्ये फिल जॅक्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आपले वयोवृद्ध सहकारी टेक्स विंटर यांची त्रिकोणी पद्धत संघात रुजवली. कोर्टाच्या एका बाजूला तिघांनी त्रिकोणात उभे राहायचे, एक कोपऱ्यात, एक बाजूच्या रेषेकडे आणि एक रिंगेजवळ. उरलेल्या दोघांनी दुसरी बाजू सांभाळायची. आणि बचाव जसा हलेल त्याप्रमाणे पास कुठे जाणार ते ठरायचे. या पद्धतीत चेंडू कोणा एकाच्या हातात फार वेळ राहत नाही, म्हणून जॉर्डनला ती सुरुवातीला रुचली नव्हती, आणि ते समजण्यासारखे आहे. एकट्याने सामना जिंकून देणाऱ्या माणसाला चेंडू सोड म्हणणे सोपे नसते.

हे आमच्या मुलांना समजावताना मी खो-खोकडे वळतो, कारण तो खेळ मराठवाड्याच्या अंगात आहे. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये त्याच खेळासाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा धरली की वळता येत नाही. समोरचा गडी हातभर अंतरावर असला, तरी तो पलीकडे निसटला की धावणाऱ्याने खो द्यायचा असतो, आणि पाठमोरा बसलेला साथीदार योग्य दिशेने उठून त्याला गाठतो. सर्वांत वेगवान धावणाऱ्यानेही वेळेवर खो दिला नाही तर तो दमतो आणि गडी सुटतो. त्रिकोणी पद्धतीत जॉर्डनकडून नेमके हेच मागितले होते.

१२ जून १९९१ ला लॉस एंजेलिसमध्ये अंतिम फेरीचा पाचवा सामना झाला, त्यात हे डोळ्यांनी दिसते. प्रतिस्पर्धी लेकर्सचे खेळाडू जॉर्डनच्या अंगावर धावून जात होते आणि त्याचा साथीदार जॉन पॅक्सन मोकळा उभा राहत होता. टाइमआउटमध्ये जॅक्सन यांनी जॉर्डनला, मोकळा कोण आहे, असा प्रश्न विचारला आणि पॅक्सन हे उत्तर येईपर्यंत तो सोडला नाही, ही हकिकत प्रसिद्धच आहे. शेवटच्या मिनिटांत जॉर्डन आत घुसत होता, बचाव त्याच्याभोवती गोळा होत होता आणि चेंडू बाहेर पॅक्सनकडे येत होता. पॅक्सनने त्या सामन्यात २० गुण केले, जॉर्डनने ३० गुणांबरोबर १० असिस्ट (साथीदाराला बास्केट करून देणारे पास) दिले आणि बुल्सने १०८-१०१ असा सामना जिंकून पहिले विजेतेपद मिळवले. त्या हंगामात जॉर्डनची सरासरी ३१.५ होती. केवळ आकडे मांडणारा म्हणेल की चार वर्षांत तो साडेपाच गुणांनी घसरला.

सहा वर्षांनी तेच पुन्हा घडले. १९९७ च्या अंतिम फेरीत, युटाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात, ८६-८६ अशी बरोबरी असताना युटाचा जॉन स्टॉकटन आपला खेळाडू सोडून जॉर्डनवर धावला, जॉर्डनने चेंडू सोडला आणि बुल्सच्याच मोकळ्या स्टीव्ह कर याने पाच सेकंद उरले असताना तो रिंगेत टाकला. हाच कर २०१४ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सचा प्रशिक्षक झाला. खेळाडू म्हणून त्याने जॅक्सन यांच्याकडे आणि सॅन अँटोनियोत ग्रेग पॉपोविच यांच्याकडे काम केलेले होते, आणि जगातील सर्वोत्तम नेमबाज, स्टीफन करी, आता त्याच्या संघात होता.

स्टीफन करीची आणि जॉर्डनची तुलना उंचीवर किंवा उडीवर केली तर ती लगेच संपते. करी सव्वासहा फुटांच्या आत आहे आणि एनबीएत ही उंची कमीच म्हणायची. त्याच्याकडे जे आहे ते कोणाहीकडे नव्हते: तीन गुणांच्या रेषेच्याही मागून, चालता चालता, क्षणार्धात अचूक नेम. २०१५-१६ मध्ये त्याने ४०२ तीन गुणी बास्केट केले. आधीचा विक्रम २८६ होता आणि तोही त्याचाच. पण या नेमाचा वापर प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी ज्या रीतीने केला, ती मला त्या आकड्याहून मोठी वाटते. करी पास देतो आणि थांबत नाही; एका स्क्रीनमागून (बचाव अडवायला उभ्या साथीदारामागून) दुसऱ्या स्क्रीनमागे, कोपऱ्यातून परत वर, असा तो पळत राहतो. चेंडू त्याच्या हातात नसतो, तरीही बचावातले दोघे त्याच्याकडे ओढले जातात. आणि चेंडू त्याच्या हातात असताना दोघे त्याच्यावर चालून आले, तर तो रिंगेसमोरच्या फ्री थ्रो रेषेजवळ आलेल्या साथीदाराला, ड्रेमंड ग्रीनला, लहानसा पास देतो, आणि तिथून पुढे हल्ल्याला चौघे आणि बचावाला तिघेच असा हिशेब होतो. ग्रीन मोठा नेमबाज नाही, पण त्या एका जागी उभे राहून क्षणात निर्णय घेण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही. करी दुसऱ्या संघात असता तरी मोठा ठरला असता यात शंका नाही. ग्रीनबद्दल मी तसे ठामपणे म्हणणार नाही.

लेब्रॉन जेम्सची गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. २०११ च्या अंतिम फेरीत डॅलसविरुद्ध त्याची सरासरी अवघी १७.८ राहिली आणि त्याचा संघ मायामी हरला. तो बराच वेळ रिंगेपासून दूर, बाहेरच्या बाजूला उभा दिसत होता. त्या उन्हाळ्यात तो जुने नामवंत खेळाडू हकीम ओलाजुवान यांच्याकडे जाऊन रिंगेकडे पाठ करून खेळायला शिकला, आणि प्रशिक्षक एरिक स्पोल्स्ट्रा यांनी ख्रिस बॉशला सेंटर (सहसा रिंगेजवळ खेळणारा उंच खेळाडू) करून, शेन बॅटियरसारखा नेमबाज बाहेर ठेवून, लेब्रॉनसाठी आत जागा मोकळी केली. २०१२ च्या अंतिम फेरीत त्याची सरासरी २८.६ झाली. शिकण्याची तयारी त्याची होती, मोकळी जागा स्पोल्स्ट्रांनी दिली; दोहोंपैकी एक नसते तर दुसऱ्याचा उपयोग झाला नसता असे मला वाटते.

निकोला योकिचबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण त्याच्यामुळे माझी स्वतःची एक चूक मला कळली. सर्बियातील सोंबोर गावचा हा खेळाडू २०१४ मध्ये, एनबीएचे संघ नवे खेळाडू घेतात त्या निवडीत, ४१ वा आला आणि डेन्व्हर संघाकडे गेला. सेंटर म्हणून युसुफ नुर्किचही डेन्व्हरकडेच असल्यामुळे सुरुवातीला या दोन धिप्पाड खेळाडूंना एकत्र खेळवण्याचाही प्रयत्न झाला, पण आतली जागा दोघांना पुरेना. डिसेंबर २०१६ मध्ये प्रशिक्षक मायकेल मलोन यांनी योकिचला सेंटर म्हणून सुरुवातीच्या पाचांत आणले आणि संघाचा सगळा हल्ला त्याच्या हातातून सुरू होऊ दिला. सेंटर म्हणजे रिंगेखाली उभा राहून रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेणारा, अशी आपली समजूत असते. योकिच फ्री थ्रो रेषेच्या टोकाशी रिंगेकडे तोंड करून उभा राहतो, चेंडू डोक्यावर धरतो, आणि साथीदार त्याच्या भोवतीने पळत असतात. साथीदार जमाल मरे त्याच्या अंगाला घासून जातो, तेव्हा तो चेंडू त्याच्या हातात ठेवतो किंवा नुसता ठेवल्यासारखा करून पाठीमागून आत पळणाऱ्या दुसऱ्याला देतो. २०२२-२३ मध्ये त्याची सरासरी २४.५ गुण, ११.८ रिबाउंड आणि ९.८ असिस्ट होती, आणि त्याच वर्षी डेन्व्हरने पहिले विजेतेपद जिंकले.

२०१८ च्या पावसाळ्यात माझ्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघात नववीतली एक मुलगी होती, पाच फूट आठ इंच. आमच्या शाळेत इतकी उंच मुलगी मला तोवर मिळाली नव्हती, म्हणून मी तिला रिंगेखाली उभे केले आणि बाकीच्यांना सांगितले की चेंडू तिच्याकडे वर टाकायचा. जिल्हास्तरीय स्पर्धेत पहिल्याच सामन्यात तिच्या पाठीला दोन मुली चिकटल्या, रिंगेजवळच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबल्याची शिट्टी तिच्याविरुद्ध चारदा वाजली आणि आम्ही हरलो. मी बाजूला उभा राहून, हात वर ठेव, उडी मार, एवढेच ओरडत होतो. परतताना बसमध्ये ती माझ्या पुढच्या बाकावर बसली होती. बराच वेळ गप्प राहून ती मागे वळली आणि म्हणाली, "सर, तिथं उभं राहिलं की माझी पाठ सगळ्यांकडं असते. कोण मोकळं आहे, मला दिसतच नाही."

त्या वाक्याने मला झोप लागली नाही. ती सरावात लांबून किती सुंदर पास देते, हे मी दोन वर्षे पाहत होतो आणि तिच्या उंचीपुढे ते मी जमेसच धरले नव्हते. दिवाळीच्या सुटीनंतर मी तिला रिंगेखालून काढून फ्री थ्रो रेषेवर, बोर्डापासून ४.६ मीटरवर, तोंड रिंगेकडे करून उभे केले आणि संघातल्या सर्वांत बुटक्या मुलीला तिच्या भोवतीने पळायला लावले. पहिला आठवडा फार वाईट गेला. पळणारी मुलगी उशिरा निघायची, चेंडू तिच्या मागे पडायचा, आणि दोघी माझ्याकडे पाहायच्या. मी वेगळे काही शिकवले नाही. फक्त खडूने सिमेंटवर दोन खुणा केल्या, पळणारीने पहिल्या खुणेवरून निघायचे आणि दुसऱ्या खुणेवर हात पुढे करायचा. खडू रोज पुसला जायचा आणि रोज संध्याकाळी उंच मुलगी स्वतःच तो पुन्हा ओढायची.

डिसेंबरमधल्या एका संध्याकाळी तिने चेंडू डोक्यावर धरला, डावीकडे पाहिले, आणि न पाहता उजवीकडे खाली टाकला. बुटकी मुलगी तेव्हा दुसऱ्या खुणेच्याही पुढे गेलेली होती. चेंडू तिच्या हातात आला आणि बोर्डाला लागून आत गेला. खुणा त्या दिवशी कोणी ओढल्याच नव्हत्या, हे माझ्या नंतर लक्षात आले.