यमाता यमाता यमाता यमाता

शुक्रवार, रात्री साडेदहा

अलंकार, वृत्तं, गण शिकवले की मुलांचा कवितेतला रस जातो, असं म्हणणारी माणसं मला हमखास भेटतात. त्यातल्या बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून कवितेचं पुस्तक उघडलेलं नसतं, ही गोष्ट वेगळी. माझं म्हणणं असं, की रस घालवतात त्या परीक्षेच्या क्लृप्त्या. भाचीच्या वहीत लाल शाईनं चौकट आखलीय: 'सम, समान, जैसा, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा.' म्हणजे कविता न वाचता अलंकार ओळखायची सोय. मार्क मिळतात, खोटं कशाला बोलू?

तिला म्हटलं, 'उद्या पाऊस पडेल असं वाटतं', यातला अलंकार ओळख. पट्कन 'उत्प्रेक्षा' लिहून मोकळी.

"कशाच्या ठिकाणी कशाची कल्पना केलीय?"

"कशाच्याच नाही." मग जरा वेळानं, "मावशी, यात अलंकारच नाहीये?"

"नाही. हे शिमला ऑफिसचं, म्हणजे हवामान खात्याचं वाक्य आहे."

हसली, पण चौकटीवर काट मारली नाही. परीक्षा होईपर्यंत मारू नये, शहाणी आहे.

वृत्तांची मात्र तिला धडकी भरलेली. आठ गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, लघु-गुरू, म्हणजे आखूड नि लांब उच्चाराची अक्षरं, कुठे चंद्रकोर काढायची नि कुठे आडवी रेघ. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाइडात नुसते तक्ते. मी तिला 'यमाताराजभानसलगा' एवढंच म्हणायला लावलं. हे सूत्र ज्यानं रचलं त्याला माझा साष्टांग नमस्कार. कोणत्याही गणाचं अक्षर धरायचं, पुढची दोन जोडायची, की गण तयार. 'य' धरला तर 'यमाता': लघु, गुरू, गुरू. 'र' धरला तर 'राजभा': गुरू, लघु, गुरू. 'न' गण तीनही लघु, म्हणून 'नसल'. प्रत्येक गण स्वतःचं माप स्वतःच सांगतो.

मग म्हटलं, आता मनाचे श्लोक म्हण. ते तिला लहानपणापासून तोंडपाठ, आजीची कृपा. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' म्हणताना मी शेजारी 'यमाता यमाता यमाता यमाता' म्हणत राहिले. मनास, ज्जनाभ, क्तिपंथे, चिजावे. थांबलीच ती. "पण 'स' ऱ्हस्व आहे ना? तो गुरू कसा?" नियम वहीत होता, जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, पण 'सज्जना' म्हणताना 'स'वर जोर पडतो हे आज तिनं तोंडानं पकडलं. चार 'य' गणांचं हे वृत्त म्हणजे भुजंगप्रयात. समर्थांचे सगळे २०५ श्लोक याच चालीत.

तिथून अभंगावर आलो, तर अंगात आल्यासारखी बोटं मोजायला लागली. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा, चार अक्षरं. दुसऱ्या नि तिसऱ्या चरणाचं यमक. 'वृक्षवल्ली आम्हां', सहा. 'सोयरीं वनचरें', सात! "तुकोबांचं चुकलं?" आषाढीच्या वारीत पुण्यात नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबांची पालखी मुक्कामी असते तेव्हा जे कानावर पडतं, ते आठव म्हटलं. कुणी 'व-न-च-रें' असं सुटं म्हणत नाही. 'वन्चरें' म्हणतात, सहाच होतात. गणवृत्तात लघु-गुरूंच्या जागा ठरलेल्या असतात. अभंगाला अक्षरांची मोजणी पुरते, आणि तीही गळ्यातून होते.

कथेचे घटक लवकर आटोपले: कथानक, पात्रं, वातावरण, संघर्ष, संवाद. अडलं ते निवेदकापाशी. एका पाकीटमाराच्या तोंडून सांगितलेल्या कथेवर तिनं लिहिलं होतं, 'लेखकाने बसमध्ये पाकीट मारले.' मला हसू आवरेना. कथेतला 'मी' आणि लेखक हे दोघं वेगळे, हे सांगून पटत नाही, लिहून बघावं लागतं. तिनं सकाळी स्वारगेटच्या बसमध्ये फाटक्या नोटेवरून कंडक्टर आणि एका आजोबांचं भांडण बघितलं होतं. तेच लिहायला बसवलं, आधी आजोबा होऊन, मग कंडक्टर होऊन.

आजोबांचं बरं होतं, जरा रडकं. कंडक्टरचं लिहिताना 'आजोबांना दवाखान्यात जायची घाई होती' असं लिहिलं, थबकली आणि स्वतःच खोडलं. "कंडक्टरला कसं कळणार?" ती एक ओळ खोडल्यासरशी आजोबा नुसते खेकसणारे म्हातारे झाले, आणि कंडक्टरची सकाळपासूनची उभी ड्यूटी आपोआप पुढे आली. भांडण तेच, नोट तीच. लेखिका तर दोन्हीकडे हीच होती, आणि तिनं कुणाशीच भांडण केलेलं नव्हतं.

कंडक्टरची गोष्ट फार छान झालीय. परीक्षेत मात्र तिला 'कथेचे घटक थोडक्यात स्पष्ट करा' एवढंच विचारणार. ते पाठ करून टाक म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे.