तुम्ही विचारलंत म्हणून: राणीघरं मोडत का नाही?

मधमाश्यांच्या पेटीत राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढते ती घरं, दिसली की मोडून का टाकत नाहीस, आयता थवा उडून कशाला जाऊ देतेस, हे मला इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदाच लिहून टाकते. आणि हो, "दर सात दिवसांनी पेटी उघडायची, राणीघर दिसलं की चिमटायचं" हा सल्ला मला माहितीये. दोन वर्षं मीच तो सगळ्यांना देत फिरायचे.

हिशोब बरोबरच आहे. अंडं घातल्यापासून आठव्या-नवव्या दिवशी राणीघर बंद होतं आणि साधारण तेव्हाच जुनी राणी निम्म्याहून जास्त माश्या घेऊन निघते, हाच थवा, सोळाव्या दिवशी नवी राणी बाहेर. म्हणून सात दिवस. फक्त एका वर्षी मी एक पेटी चौदा दिवसांनी उघडली. ताप होता. असो, पेटीला काय त्याचं.

पोळ्याच्या फ्रेमच्या खालच्या काठाला नऊ राणीघरं, शेंगदाण्याच्या शेंगांसारखी लोंबणारी, सगळी बंद. माश्या भरपूर दिसल्या म्हणून मला वाटलं थवा जायचाय अजून, आपण वेळेत पोचलो, आणि एकेक करून नऊच्या नऊ खुडली. एकातून राणी निघाली, रंग चढलेला, पाय किंचित हलत होते. मी ती हातावर घेऊन बघितली आणि टाकून दिली. ताजी अंडी आहेत का, म्हणजे जुनी राणी अजून आत आहे का, हे बघायचं सुचलंच नाही. माश्या भरपूर होत्या कारण मागचा पिलावा, म्हणजे जुन्या राणीच्या अंड्यांतली पिल्लं, रोज फुटत होता, थवा केव्हाच गेलेला. उरलेल्या अळ्या एवढ्या मोठ्या झालेल्या की त्यातून राणी होणं शक्य नव्हतं. म्हणजे त्या पेटीकडे असलेल्या सगळ्या राण्या मी स्वतःच्या नखांनी संपवल्या होत्या.

हे कळलं केव्हा, तर तीन-चार आठवड्यांनी अंडी दिसली तेव्हा. मी खूश! मग उन्हात फ्रेम तिरकी धरली तर एका घरात तीन, शेजारी चार, तीही तळाला नाहीत, भिंतींना चिकटलेली. राणीचं पोट लांब, ती तळाला एकच ठेवते. हे कामकरी माश्यांचं काम होतं, आणि त्यांच्या अंड्यातून फक्त नर निघतात. दुसरीकडून राणी आणून पिंजऱ्यातून दिली, तर सोडल्यावर दुसऱ्या दिवशी ती दाराशी मेलेली. मग पेटी हळूहळू रिकामी होत गेली, मी बघत राहिले.

तुम्ही म्हणाल, चूक मोडण्यात नव्हती, न बघता मोडण्यात होती. मान्य, शंभर टक्के मान्य. तेव्हाची मी पण हेच म्हणाली असती, आणि वर "मग नीट बघ ना" असंही ऐकवलं असतं. पण नीट बघून मोडली तरी ती परत बांधतात, परत मोडा, परत बांधतात, आणि एक कुठेतरी कोपऱ्यात माश्यांच्या झुंबडीखाली राहतंच. झटकल्याशिवाय दिसत नाही ते.

म्हणून आता मी जुनी राणी दोन-तीन फ्रेम घेऊन दुसऱ्या पेटीत हलवते आणि मागे राणीघर ठेवते. किती ठेवायची, हे विचारू नका. मागच्या खेपेला तीन ठेवली. संध्याकाळी पेटीला कान लावला तर आतून घराबाहेर आलेली एक राणी टूऽऽट टूट टूट करतेय आणि अजून बंद असलेल्या दोघी खालून क्वाक-क्वाक करून उत्तर देतायत. ऐकायला इतकं छान वाटलं की मी तिथेच बसून राहिले, आणि तिसऱ्या दिवशी थवा गेलाच, कोवळ्या राणीसकट. एकच ठेवावं तर त्यातली राणी मीलनाच्या उड्डाणाला गेली आणि पक्ष्याने उचलली, तर परत तेच.

आत्ताही एका फ्रेमवर दोन आहेत. एक मोठं, एक जरा वाकडं. वाकडं काढावं असं कालपासून तीनदा ठरवलंय.