सहा शहरं, सहा रात्रीची सॉकेटं आणि वायरचं दुसरं टोक

बाबांना झोपेत श्वास अडखळण्याचा त्रास आहे. रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वास मोकळा ठेवणारं यंत्र) लागतं, आणि मशीनला वीज लागते. त्यामुळे लंडन, पॅरिस, झुरिक, मिलान, टोकियो आणि ओसाका असा अठरा दिवसांचा प्रवास ठरला, तेव्हा मी हॉटेलांच्या आधी तिथली सॉकेटं शोधायला बसले. त्या तयारीत काय जमलं आणि कुठे अडलं, ते मागून जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

आधी घरी करायचं काम. प्रत्येक चार्जरच्या ठोकळ्यावर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ लिहिलेलं असतं, ते भिंग घेऊन वाचा. तिथे १००–२४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ असेल, तर ती वस्तू जवळपास कुठल्याही देशात चालते. मग व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर लागत नाही, फक्त भिंतीत जाणारा प्लग बदलावा लागतो. मोबाइल, लॅपटॉप, कॅमेरा, बाबांचं मशीन, सगळे या गटातले निघाले. छोटी किटली मात्र फक्त २३० व्होल्टची होती. तिच्याबद्दल पुढे येईलच.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. ठोकळ्यातून वेगळी निघणाऱ्या वायरला दोन टोकं असतात. भिंतीकडचं टोक देशागणिक बदलतं, पण उपकरणाकडचं टोक आयईसी ६०३२० या मानकाप्रमाणे जगभर सारखंच असतं. म्हणजे त्या त्या देशाचा प्लग असलेली वायर घेतली, की मध्ये ट्रॅव्हल ॲडॉप्टर अडकवायची गरज उरत नाही. ओळखायची टोकं तीन-चारच आहेत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखं दिसतं ते सी-७. त्याला अर्थिंग नसतं आणि ते २.५ ॲम्पिअरपर्यंत चालतं. तीन पाकळ्यांचं, ज्याला बरेच जण मिकी माऊस म्हणतात, ते सी-५. तेही २.५ ॲम्पिअरचं, पण अर्थिंगसकट. डेस्कटॉपच्या सीपीयूला आणि मॉनिटरला लागतं ते १० ॲम्पिअरचं सी-१३. त्याच्यासारखंच दिसणारं पण खाच असलेलं सी-१५ हे तापणाऱ्या वस्तूंसाठी असतं. सी-१३ ची मर्यादा ७० अंश, सी-१५ ची १२०. बाबांच्या मशीनला सी-७ लागत होतं आणि माझ्या लॅपटॉपला सी-५. म्हणून मी दोन्ही प्रकारच्या वायर घेतल्या आणि प्रत्येकीवर देशाच्या नावाची चिकटपट्टी लावली.

लंडनला टाइप जी, म्हणजे तीन चौकोनी पिनांचा प्लग. हे बीएस १३६३ मानक १९४७ चं आहे आणि विचारपूर्वक केलेलं आहे. अर्थची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब असते. ती आधी आत जाते आणि बहुतेक सॉकेटांत तीच इतर दोन भोकांवरची झाकणं उघडते. प्लगमध्येच फ्यूज असतो. लॅपटॉपसारख्या वस्तूला ३ ॲम्पिअरचा पुरतो, हीटरला १३ चा लागतो. वरच्या भोकात पेनाचं टोपण खुपसून दोन पिनांचा प्लग आत घालायची युक्ती कुणी सांगितली, तर कृपा करून करू नका. झाकणं ज्या कारणासाठी आहेत तेच कारण तुम्ही मोडून काढता. बाथरूममध्ये साधं सॉकेट शोधू नका, तिथे फक्त शेव्हरपुरतं असतं.

पहिल्याच रात्री घाबरगुंडी उडाली. बाबा झोपले. मी पलंगाजवळचं मोठं बटण दाबून दिवे मालवले आणि त्याबरोबर मशीनची घरघरही थांबली. ते बटण खोलीतले दिवे आणि पलंगाजवळचं सॉकेट दोन्ही बंद करत होतं. बाबा मास्क काढून उठून बसले. तेव्हापासून प्रत्येक हॉटेलात मी आधी मोबाइल चार्जिंगला लावते, एकेक बटण दाबून बघते आणि दाराजवळ खोलीची वीज चालू करायला खोचलेलं कार्डही काढून बघते. जे सॉकेट एवढं करूनही चालू राहतं, ते बाबांचं. रात्री मशीन वापरणाऱ्या प्रत्येकाने हे करावंच.

पॅरिसमध्ये मी एक चूक केली. सामान उलगडायचा कंटाळा आला म्हणून लॅपटॉपला दोन पिनांचा स्वस्त ट्रॅव्हल ॲडॉप्टर लावला. त्याला अर्थच नव्हतं. चार्जिंग सुरू असताना लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून हाताची मागची बाजू फिरवली, तर बारीक झिणझिण्या आल्या. अगदी मुंगी चालल्यासारख्या, पण स्पष्ट. चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून थोडासा प्रवाह झाकणापर्यंत येतो, अर्थिंग असेल तर तो तिकडे निघून जातो, नसेल तर बोटांना जाणवतो. रीतसर वायर लावली आणि झिणझिण्या लगेच गेल्या. फ्रान्सच्या टाइप ई सॉकेटात अर्थची पिन सॉकेटातूनच बाहेर डोकावते आणि जर्मनीच्या टाइप एफमध्ये अर्थसाठी कडेला पट्ट्या असतात. पण सीईई ७/७ नावाचा गोल प्लग दोन्हीकडे बसतो, कारण त्याला भोकही असतं आणि कडेला पट्ट्याही. युरोपसाठी अर्थिंगवाली वायर घ्यायची तर हाच प्लग बघून घ्या.

फक्त हा प्लग झुरिकला उपयोगी पडत नाही. स्वित्झर्लंडचं टाइप जे सॉकेट बहुधा भिंतीत खोलगट, षट्कोनी असतं आणि गोल डोक्याचा प्लग त्यात शिरतच नाही. लॅपटॉपची वायर वेगळी लागली. बाबांची मात्र आरामात बसली, कारण तिच्या टोकाला युरोप्लग होता: चपटा, दोन बारीक पिनांचा, ज्याला टाइप सी म्हणतात. त्याच्या ४ मिलिमीटर जाडीच्या पिना जराशा लवचीक आणि टोकाकडे एकमेकींकडे झुकलेल्या असतात, म्हणून वेगवेगळ्या सॉकेटांत त्या घट्ट धरून राहतात. एकच सी-७ वायर पॅरिस, झुरिक आणि मिलान, तिन्हीकडे चालली. संपूर्ण प्रवासात मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली वस्तू हीच. तिची मर्यादा २.५ ॲम्पिअर आहे, हे मात्र विसरू नका.

मिलानला एका ओळीत तीन भोकं, टाइप एल. त्याचे १० आणि १६ ॲम्पिअर असे दोन आकार आहेत. युरोप्लग १० वाल्यात बसतो. आमच्या खोलीत दोन्ही आकार घेणारं सॉकेट होतं, त्यामुळे प्रश्न आला नाही.

टोकियोला सगळंच बदललं. तिथे वीज १०० व्होल्टची आहे. सॉकेटात दोन उभ्या चपट्या फटी होत्या, बऱ्याच ठिकाणी तिसरं अर्थचं भोक नव्हतंच. एक पातं रुंद असलेला अमेरिकन प्लग जुन्या सॉकेटांत अडू शकतो, म्हणून दोन्ही पाती सारखी असलेली वायर घ्या. आमची किटली तिथे लावून पाहिली. वीस मिनिटांनी पाणी नुसतं गरम झालं होतं. व्होल्टेज निम्म्याखाली आलं की तापवण्याची ताकद त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणजे २३० चं उपकरण १०० वर जेमतेम पाचवा हिस्सा काम करतं. याच्या उलट जास्त धोक्याचं आहे: फक्त १२० व्होल्टचा हेअर ड्रायर २३० वर लावला, तर तो साडेतीनपटीहून अधिक वीज खेचू पाहतो आणि जळतो. तापणाऱ्या वस्तू सरळ घरी ठेवा.

ओसाकाला व्होल्टेज तेच, पण टोकियोच्या ५० हर्ट्झऐवजी ६०. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एका शहराने जर्मन जनित्रं घेतली आणि दुसऱ्याने अमेरिकन, ती विभागणी आजही तशीच आहे. चार्जरवर ५०/६० लिहिलेलं असेल तर काही फरक पडत नाही.

जपानची वायर परत आल्यावर २३० व्होल्टच्या ठिकाणी ॲडॉप्टर लावून वापरायचा मोह होतो. वायरवर कोरलेलं वाचा. माझ्या वायरवर १२५ व्होल्ट होतं, ती मी वेगळ्या पिशवीत ठेवली आहे.

पुढच्या वेळी मी मोबाइल आणि लॅपटॉप दोन्हींसाठी एकच यूएसबी-सी चार्जर नेणार आहे. युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना हेच पोर्ट बंधनकारक आहे, त्यामुळे विसरली तर वायर मिळणंही सोपं. केबल मात्र सगळ्या सारख्या नसतात. साधी ३ ॲम्पिअरची केबल ६० वॉटपर्यंतच जाते, त्यापुढे ५ ॲम्पिअरची, आत ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. बाबांच्या मशीनसाठी मात्र त्याच सी-७ वायर आणि एक जादा, हातातल्या सामानात. मोठी बॅग उशिरा आली तरी रात्र वेळेवरच येते.