पानात पडेल ते

खाण्यात नखरे करणारी लेकरं आमच्या आजीला खपायची नाहीत. "पानात पडंल ते खावं," एवढंच तिचं आहारशास्त्र. शिवारात हिंडताना हल्ली वाटतं, पाखरांचं जगणं-मरणं बरंचसं याच शास्त्रावर ठरतंय.

लातूरकडचं आमचं शिवार एके काळी ज्वारीचं. कणसं भरली की माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची. आता पावसाळ्यात नजर जाईल तिथवर सोयाबीन. कडबा खाणारी जनावरं राहिली नाहीत, काढणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. पण चिमण्या-सुगरणींचं ताट मात्र उचललं गेलं. सोयाबीनचा टणक दाणा चिमणीनं फोडायचा कसा? त्यात कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. आणि खरी गोम तर पुढेच आहे. चिमणी स्वतः दाणे टिपत असली तरी कोवळ्या पिलांना अळ्या-किडेच भरवते. सोयाबीनवर अळी येते, रग्गड येते, पण तिच्या मागोमाग फवारणीचा पंपही येतो.

साळुंकीचं काही अडलं नाही. पूर्वी नांगरामागं किडे वेचायची, आता ट्रॅक्टरमागं वेचते. शिवाय फळं आहेत, उकिरडा आहे, धाब्यामागचा भात आहे.

गिधाडाचं मात्र खाणं एकच, मेलेलं ढोर. ते पान वाढलेलं होतं, पण त्यात विष होतं. ढोरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचत. असं ढोर मेलं की त्याच्या मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जाई आणि मूत्रपिंडं निकामी होत. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. मेलेल्या ढोरावर आता कुत्री असतात.

एवढ्यावरून 'सगळं खातो तो टिकतो' म्हणावं, तर माळढोक आडवा येतो. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरं, भुईमूग, काही म्हणजे काही वर्ज्य नाही त्याला. आजीनं कौतुक केलं असतं. पण त्याला मोकळा माळ लागतो, कारण अंडं तो उघड्या जमिनीवरच घालतो, तेही बहुधा एकच. माळ नांगरले गेले, वर विजेच्या तारा आल्या. अंगानं जड पाखरू, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही आता तो दिसला तर बातमी होते.

आणि रानडुक्कर? ते कंद उकरतं, भुईमूग उपटतं, सोयाबीन तुडवतं, दडायला ऊस आहेच. एका वेळी अनेक पिलं. त्याला अडवायला आमच्याकडं शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. पहिले काही दिवस डुकरं बिचकतात. मग एका रात्री साडी फाटलेली असते आणि सकाळी घरातली बाई विचारते, "आता कोणती देऊ?"